मागाच्या शेडमधली अभ्यासिका आणि नेटची चाळणी: ओपीएनसेन्सच्या पेटीचे चार महिने

सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत दहा मिनिटांवर, आमची अभ्यासिका आहे. ६४ खुर्च्या, सकाळी सहा ते रात्री अकरा. जागा सासऱ्यांच्या यंत्रमागाच्या शेडची. इथे १२ माग होते, चादरी निघायच्या. माग मोडीत गेले, दीड फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वरचा पत्रा राहिला. त्या भिंतींमुळे आत मोबाइलला धड रेंज येत नाही. म्हणून पोरांना वायफाय द्यावंच लागतं, आणि वायफाय दिलं की रील्स आलेच.

गेल्या डिसेंबरात मंगळवेढ्याहून एक गृहस्थ आले. मुलगा वर्षभर आमच्याकडे बसतो. फी भरली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, ज्वारीच्या पैशावर बसवलंय त्याला इथं. आठ तास बसतंय हे खरं, पण बसून काय करतंय ते तुम्हीच बघा." मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात तलाठी भरतीची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, "काकू, ते इन्स्टा बंद करा की. माझ्यानं बंद होईना. पण यूट्यूब ठेवा, लेक्चर तिथंच असतात." या दोघांच्या बोलण्यातून मला काय हवंय ते ठरलं. अकरा वर्षं मी एका शाळेच्या संगणक कक्षात काम केलं आहे, त्यामुळे केबल आणि आयपीची भीती नव्हती.

आधी एका नामवंत कंपनीच्या तयार फिल्टरचं कोटेशन मागवलं. पेटीची किंमत एकवेळ जमली असती, पण दरवर्षी लायसन्सचं नूतनीकरण होतं आणि ते चुकलं की वर्गवारीच्या याद्या अद्ययावत होणं थांबतं. महिना सहाशे रुपये फी घेणाऱ्या अभ्यासिकेला ते ओझं झेपणारं नाही. म्हणून ओपीएनसेन्स घेतलं. ही मोफत, मुक्त स्रोताची फायरवॉल आहे, म्हणजे आत-बाहेर जाणारी नेटची वाहतूक तपासून सोडणारी प्रणाली. २०१५ साली पीएफसेन्स या तशाच जुन्या फायरवॉलपासून वेगळी झाली, नेदरलँड्समधली डेसिसो ही कंपनी तिच्यामागे आहे आणि खाली फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली चालते. दरवर्षी जानेवारी आणि जुलैत मोठी आवृत्ती येते. ही चालवायला पंखा नसलेला छोटा संगणक घेतला: इंटेल एन १०० प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, १२८ जीबीची एसएसडी आणि अडीच गिगाबिटचे चार लॅन पोर्ट. सगळं मिळून साडेएकोणीस हजार. आमची फायबरची लाइन २०० एमबीपीएसची आहे, तिच्यासाठी हे यंत्र गरजेपेक्षा मोठंच आहे. संध्याकाळी हॉल भरलेला असतानाही त्याला घाम फुटत नाही.

बसवायला मुहूर्त निवडला तो गड्ड्याच्या दिवसांतला. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आणि होम मैदानावर सगळी पोरं जातात, हॉल निम्मा रिकामा असतो. नेट चार तास गेलं तरी कुणाचं नुकसान होणार नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण फिल्टर बसवताना नेट जातंच. परीक्षेच्या तोंडावर हे काम काढू नका.

पेनड्राइव्हवर ओपीएनसेन्स बसवायची फाइल घेतली, पेटीला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला. डिस्कची मांडणी विचारल्यावर झेडएफएस निवडलं. आमच्या भागात लाइट न सांगता जाते आणि मधेच वीज तुटली तर जुन्या यूएफएस मांडणीपेक्षा झेडएफएस जास्त तग धरते. वीस मिनिटांत सगळं झालं. केबल जोडल्या: पहिल्या पोर्टला फायबरचा डबा, दुसऱ्याला हॉलचा स्विच. आणि नेट काही येईना.

पुढचे दोन तास मी केबल बदलण्यात घालवले. दोष केबलचा नव्हताच. ओपीएनसेन्स बसवल्यावर आतल्या बाजूला स्वतःला १९२.१६८.१.१ हा पत्ता घेते. नेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्याचा पत्ताही तोच होता. एकाच गल्लीत एकाच नंबराची दोन घरं असली तर पोस्टमन कुठे जाईल? पेटीला बाहेरची आणि आतली बाजू वेगळी ओळखताच येत नव्हती. आतला पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि मिनिटभरात पानं उघडायला लागली. पहिल्यांदा पेटी जोडणाऱ्या बहुतेकांना इथेच ठेच लागते, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी संध्याकाळी कळली. पेटी चालू, याद्या लावलेल्या, आणि मागच्या रांगेतला एक मुलगा निवांत रील्स बघत होता. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालूच राहिलं होतं आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता. पोरगं पेटीला वळसा घालून थेट बाहेर जात होतं. त्या डब्याचं वायफाय बंद केलं आणि हॉलमधले दोन्ही वायफायचे डबे फक्त वायफाय पसरवणारे अॅक्सेस पॉइंट म्हणून स्विचला जोडले. आता बाहेर पडायला पेटीतूनच वाट आहे.

चाळणी कशी चालते ते थोडक्यात. फोनला कुठलीही साइट उघडायची असली की तो आधी नावावरून पत्ता विचारतो. हे विचारणं पेटीतल्या अनबाउंड नावाच्या सेवेकडे येतं. नाव बंदीच्या यादीत असेल तर ती ०.०.०.० असा पोकळ पत्ता देते आणि साइट उघडत नाही. याद्या तयार मिळतात: स्टीव्हन ब्लॅक यांची, ओआयएसडीची, हागेझीची. जाहिराती, जुगार, अश्लील साइट, फसवणुकीच्या साइट असे प्रकार नुसते निवडायचे. रोज पहाटे चारला त्या ताज्या होतील असं वेळापत्रक लावलं. इन्स्टाग्रामसाठी मी स्वतः नावं घातली. मुख्य नाव एक आणि चित्रं-व्हिडिओ जिथून येतात ती वेगळी, अशी दोन्ही घालावी लागतात.

पण इतक्यावर थांबलात तर काही उपयोग नाही. हुशार पोरं फोनमध्ये दुसराच डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी बाहेरची सेवा, घालतात. म्हणून पेटीत नियम केला की ५३ नंबरच्या पोर्टवर (हा केबलचा पोर्ट नव्हे, नेटवरच्या डीएनएसच्या कामाचा ठरलेला क्रमांक) कुणीही बाहेर काहीही विचारलं तरी तो प्रश्न वळून अनबाउंडकडेच यावा. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'खाजगी डीएनएस' असतो, तो ८५३ नंबरच्या पोर्टने कूटबद्ध होऊन जातो. तो पोर्ट बंद केला. फायरफॉक्स आपला कूटबद्ध डीएनएस आपोआप सुरू करण्याआधी एक ठरावीक नाव विचारून बघतं, त्याला 'असं नाव नाही' असं उत्तर मिळालं की मागे सरतं. आयफोनच्या प्रायव्हेट रिले या वाहतूक लपवणाऱ्या सोयीचंही तसंच आहे. या सगळ्याला मिळून एक संध्याकाळ लागली. या पेटीचा सगळ्यात मोठा गुण मला इथे दिसला. नुसता डीएनएस गाळणारं साधन घेतलं असतं तर विचारलेला प्रश्न वळवणं आणि पोर्ट बंद करणं राऊटरच्या भरवशावर राहिलं असतं. इथे दोन्ही एकाच पेटीत आहे.

गूगलच्या शोधात अश्लील चित्रं येऊ नयेत म्हणून 'सेफ सर्च सक्तीने लावा' असा एकच खटका आहे. तो दाबला तर यूट्यूबही मर्यादित रूपात जातं, आणि त्या रूपात व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया दिसत नाहीत. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली. तीन-तीन तासांच्या लेक्चरखाली कुणीतरी पोरगं 'राज्यघटना १:१२ पासून, पंचायतराज २:०५ पासून' अशी अनुक्रमणिका लिहून ठेवतं, त्यावर सगळ्यांचा अभ्यास चालतो. हे मला माहीतच नव्हतं. मी तो खटका काढला आणि गूगलच्या शोधापुरतं नाव वेगळं वळवून दिलं. गूगल स्वतःच त्यासाठी २१६.२३९.३८.१२० हा पत्ता जाहीर करतं.

आता एक मर्यादा, जी कुठलाही विक्रेता तुम्हाला आधी सांगणार नाही. यूट्यूबचं लेक्चर आणि यूट्यूबचे शॉर्ट्स एकाच नावाखाली येतात. नावावरून गाळणाऱ्या चाळणीला त्यांत फरक करता येत नाही. तो करायचा तर पेटीने प्रत्येकाची कूटबद्ध वाहतूक उघडून आत डोकवावं लागतं. तशी सोय ओपीएनसेन्समध्ये प्रॉक्सीचा, म्हणजे मधे उभं राहून वाहतूक घेणाऱ्या मध्यस्थाचा, प्लगइन घालून करता येते. त्यासाठी प्रत्येक पोराच्या फोनमध्ये आपलं डिजिटल प्रमाणपत्र बसवायचं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अॅप असं बाहेरून घातलेलं प्रमाणपत्र मानत नाहीत, बँकेची आणि यूपीआयची अॅप तर अडून बसतात. पण हे सगळं जमलं असतं तरी मी केलं नसतं. कुणाच्या बँकेच्या पानाची, कुणाच्या घरच्या पत्राची वाहतूक माझ्या पेटीत उघडी पडणार, ही कल्पना मला सहन होत नाही. ती पोरं माझ्याकडे खुर्ची भाड्याने घेतात. शॉर्ट्स राहिले तर राहोत.

याच कारणाने नोंदींचाही प्रश्न मी पहिल्या आठवड्यातच सोडवला. कोणत्या फोनने कोणतं नाव विचारलं याची नोंद पेटी ठेवू शकते, ती सुविधा चालू-बंद करता येते. सुरुवातीला चालू होती. एका रात्री हिशेब बघता बघता मला एका मुलीच्या फोनवरून सारखी विचारलेली एका आजाराबद्दलची साइट दिसली. त्या मुलीला मी रोज सकाळी चहा विचारते. मला ते कळायला नको होतं. तेव्हापासून नोंद बंद आहे. कुणी 'अमुक साइट उघडत नाही' म्हणून आलं की त्या माणसासमोर चालू करते, शोधते, पुन्हा बंद करते. कुण्या पालकाने 'माझा मुलगा काय बघतो ते दाखवा' म्हटलं तर माझ्याकडे दाखवायला काहीच नाही, आणि मी ते त्यांना तसंच सांगते. मंगळवेढ्याच्या काकांनाही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे."

अडवण्यापेक्षा उघडं ठेवण्याचं काम मोठं आहे, हे फेब्रुवारीत कळलं. एका भरतीच्या अर्जाची शेवटची संध्याकाळ होती. पैसे भरायचं पान उघडायचं आणि पांढरंफटक राहायचं. तीन मुली रडवेल्या होऊन काउंटरवर आल्या, "काकू, नेट चालंना, बाराला बंद होतंय." नेट चालत होतं. नोंद चालू केली तेव्हा कळलं की पैसे भरण्याच्या पानामागे मोजणी करणारी एक साइट होती, ती माझ्या जाहिरातीच्या यादीत होती, आणि तिच्यावाचून ते पान पुढे जात नव्हतं. नाव मुभेच्या यादीत घातलं. तरी फोनवर उघडेना, कारण फोनने मघाचं नकाराचं उत्तर जपून ठेवलेलं होतं. वायफाय बंद करून पुन्हा चालू करायला लावलं आणि पावणेनऊला तिघींचे पैसे गेले. त्या रात्री मी सगळ्यात मोठी जाहिरातींची यादी काढून लहान यादी लावली. थोड्या जाहिराती दिसल्या तर दिसोत. अर्जाचं पान अडकता कामा नये. काउंटरवर एक वहीसुद्धा ठेवली: उघडत नसलेली साइट, वेळ, काम. पहिल्या महिन्यात त्या वहीत ४१ नोंदी झाल्या, एप्रिलमध्ये फक्त तीन. पेटी बसवून पाठ फिरवणाऱ्याने ही वस्तू घेऊ नये. पहिला महिना रोज अर्धा तास तिच्यापाशी बसावं लागतं.

अडवलेली साइट उघडली की 'इथे हे बंद आहे' असं सुंदर पान येत नाही. ब्राउझर स्वतःचीच चूक दाखवतो आणि पोरांना वाटतं नेटच गेलं. म्हणून दारातच फलक लावला आहे: इन्स्टाग्राम, फेसबुक, जुगार आणि अश्लील साइट बंद, व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, यूट्यूब चालू, कुणाचीही नोंद ठेवली जात नाही, काही अडलं तर वहीत लिहा. टेलिग्राम चालू ठेवावंच लागतं, निम्म्या नोट्स तिथून येतात. दुपारी दीड ते अडीच जेवणाच्या सुट्टीत सगळं मोकळं करावं असं मनात होतं. फायरवॉलच्या नियमांना वेळापत्रक लावता येतं, पण अनबाउंडच्या याद्यांना तसं सरळ लावता आलं नाही. इथे तयार महागड्या पेट्या पुढे आहेत, हे कबूल करायला हवं.

व्हीपीएनचं, म्हणजे चाळणीला चुकवून कूटबद्ध वाटेने बाहेर नेणाऱ्या अॅपचं, सांगते. चोरवाटांची वेगळी यादी आहे, ती लावली, बरीच मोफत व्हीपीएन अडतात, सगळी नाही. ज्याला जायचंच आहे तो जाईल, शिवाय दारात उभं राहिलं की मोबाइलला रेंज आहेच. ही पेटी ज्याला थांबायचं आहे पण बोट आपोआप तिकडे जातं, त्याच्या उपयोगाची आहे. आमच्याकडे असेच जास्त आहेत.

तिसऱ्या पोर्टला काउंटरचा संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डबा वेगळा जोडला. नव्या पोर्टला आपण नियम लिहीपर्यंत काहीच जाऊ दिलं जात नाही, हे चांगलं आहे. आता हॉलमधून कुणाला कॅमेऱ्याचा डबा दिसत नाही.

मग एप्रिल आला. एका दुपारी लाइट गेली, साडेतीन तासांनी इन्व्हर्टरही बसला. लाइट आल्यावर पेटी उठली, दिवे लागले, नेट नाही. कुठलंच नाव सापडेना. डोकं लावून लावून रात्री कळलं की पेटीची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. आतला नाण्याएवढा सीआर २०३२ सेल नव्या पेटीतच मेलेला निघाला. मी अनबाउंडमध्ये डीएनएसएसईसी चालू ठेवलं आहे, म्हणजे मिळालेल्या उत्तरांच्या सह्या तपासल्या जातात, आणि सह्यांना तारखेची मुदत असते. तारीख चुकीची, म्हणून सगळ्या सह्या अवैध. घड्याळ नेटवरून दुरुस्त व्हायला हवं, तर वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नावच सापडत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले. तीस रुपयांचा सेल बदलला, वेळेच्या सर्व्हरमध्ये एक नावाऐवजी आकडी पत्त्याने घातला. त्यानंतर तीनदा पूर्ण लाइट गेली, तिन्ही वेळा पेटी आपोआप नीट उठली. आपोआप उठण्यासाठी बायॉसमध्ये, म्हणजे पेटीच्या सुरुवातीच्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज आल्यावर चालू हो' हे आधी लावून घ्यावं लागतं, नाहीतर सकाळी सहाला पोरं दारात आणि पेटी झोपलेली.

मे महिन्यात सोलापुरात ४३ च्या वर पारा जातो आणि आमच्या डोक्यावर पत्रा आहे. पंखा नसलेली पेटी लोखंडी कपाटात ठेवली होती, हात ठेववेना. आता ती कपाटातून काढून उत्तरेच्या दगडी भिंतीवर, उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्या उभ्या येतील अशी टांगली आहे. ज्या भिंती वायफाय अडवतात त्याच तिला थंड ठेवतात. महिनाभरात एकदाही बंद पडली नाही.

गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोडला अभ्यासिका चालवणारे एक सर आले होते. दोन तास बसले, वही चाळली. पेटीची सगळी मांडणी एका फाइलमध्ये उतरवता येते. पासवर्ड काढून ती मी त्यांना पेनड्राइव्हवर दिली. परवा रात्री त्यांचा फोन आला, "मॅडम, पेटी चालू आहे, केबल तीनदा बदलली, पण नेट येईना." मी विचारलं, "सर, तुमच्या फायबरच्या डब्यामागे स्टिकर आहे बघा. त्याच्यावर पत्ता काय लिहिलाय?" त्यांच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ निघाला.